चुन्याचा खोकला

भट्टी पेटली की माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. पापण्या पांढऱ्या, केस पांढरे, नाकातोंडावर फडकं. म्हातारं कोण, तरणं कोण, बाई कोण, बाप्या कोण, सगळे एकाच पिठात लोळवून काढल्यासारखे. मुकादमीण माणसं ओळखायची ती खोकल्यावरून. पाट्या वाहणाऱ्या बायांतली जी खोकून झाल्यावर हटकून कुणाला तरी शिवी द्यायची, ती रेडिओ. दिवसभर तिचं तोंड बंद व्हायचं नाही म्हणून हे नाव पडलेलं. दगडाच्या ढिगामागून एकच मोठी ढास यायची आणि पुढे तासभर काही नाही, तो घुम्या. आणि भट्टीच्या तोंडाशी, ज्वाळांच्या आवाजाच्याही वर चढून येणारा, घसा खरवडून शेवटी शिट्टीसारखा वाजणारा खोकला तिच्या धाकट्या दिराचा, आग्याचा.

चुन्यावर राबणारा माणूस खोकणारच. त्याला तिथे कुणी आजार म्हणत नसे. 'चुना बोलतोय' म्हणायचे आणि घोटभर पाणी प्यायचे.

मुकादमीण सतराव्या वर्षी या घरात आली तेव्हा आग्या आठ वर्षांचा होता, शेंबडा आणि हट्टी. सासू नव्हती. नवऱ्याबरोबर दीरही पदरात पडला, तो तिनंच वाढवला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून माणसं लावणं, दगड रचून घेणं, कामं वाटणं तिच्याकडे आणि आग आग्याकडे. ज्वाळेचा रंग बघून आत दगड किती पिकलाय हे सांगणारा त्या डोंगरात तो एकटाच उरला होता. दगड पिकायला पाच दिवस आणि चार रात्री लागतात. तेवढा वेळ आग एकसारखी हवी. मध्येच विझली तर आतला माल ना चुना होतो, ना दगड राहतो. आणि घराला नाव चिकटतं. डोंगरापलीकडच्या एका घराची भट्टी चाळीस वर्षांपूर्वी मध्येच विझली होती. त्या घराच्या नातवंडांचीही ओळख अजून तशीच करून देत. या घराची भट्टी कधी विझली नव्हती.

यंदाची भट्टी पेटली त्याच दिवशी पहारकरी परत आला. खाणीत पहारीनं दगड सुटा करायचा तो. आठ दिवस दोन डोंगर पलीकडे बहिणीकडे गेला होता, तिचं धान्याचं कोठार नीट करून द्यायला. येताना अंगात ताप घेऊन आला. दगडाच्या ढिगाला टेकून बसला आणि खोकला.

मुकादमिणीनं तो खोकला ऐकला. ती तेव्हा खाणीकडे निघाली होती. तिचा पाय क्षणभर थांबला.

"चुना बसलाय रे तुझ्या छातीत," ती म्हणाली. "दोन दिवस घरी पड."

आणि ती पुढे गेली. खाणीच्या वाटेवर तिच्या मनात आलं होतं, हा तर खाणीतला माणूस, भट्टीजवळ फिरकत नाही, याच्या छातीत चुना येईल कुठून? पण तेव्हाच वरून हाक आली, दगड घसरला होता, आणि विचार तिथेच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहारकरी मेला. उशाशी ठेवलेला टॉवेल रक्तानं भिजला होता. त्याची बायको आणि मेव्हणा, दोघंही त्याच्या उशापायथ्याशी बसलेले, आदल्या सकाळपासूनच अंगात ताप लपवून होते, ते दुपारपर्यंत फणफणले. घुम्यानं कुणाला न विचारता डांबरी सडकेपर्यंतची अकरा किलोमीटर वाट पळत उतरून फोन केला. जन्मात एवढं बोलला नसेल तेवढं फोनवर बोलला असं पुढे सगळे सांगत.

ऊन कलायला लागलं तेव्हा जीप आली. तिच्यातून एक सिस्टर उतरली, तिशीची, चष्मा लावलेली, आणि दोन आरोग्य कर्मचारी. तिघांच्याही तोंडावर जाड मास्क. कर्मचाऱ्यांनी साबणाच्या वड्या वीस पावलांवरून टाकल्या, त्या बायांनी धुळीतून उचलल्या.

"कुत्र्याला पण जवळ येऊन घालतात," रेडिओ म्हणाली.

"जवळ आलो तर तुमच्यासारखेच आम्हीही पडू," सिस्टर म्हणाली. "मग सुई कोण टोचणार? रागावा, पण लांबून रागावा." आणि तिनं सरळ सांगितलं. हा फुफ्फुसाचा प्लेग आहे. बहिणीच्या कोठारात उंदीर मेले होते का, असं तिनं विचारलं. मेले होते, पहारकऱ्यानं येऊन सांगितलं होतं. आता उंदराची गरज उरली नव्हती. आजारी माणूस खोकला की समोरच्याला लागतो. ताप आल्यापासून पहिल्या दिवसात सुई मिळाली तर माणूस वाचतो. दुसरा दिवस उलटला तर बहुतेक वाचत नाही. "म्हणून मला आजच कळायला हवं, कोण आजारी आहे. उद्या कळून उपयोग नाही."

पहारकऱ्याची बायको आणि मेव्हणा आधीच कळीचा चुना साठवायच्या पडवीत निजवले होते. बाकीची साठ माणसं सिस्टरसमोर उभी राहिली.

"पहारकऱ्याला घरी कुणी पोचवलं?" तिनं विचारलं.

"चालत गेला," भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला आग्या म्हणाला.

सिस्टरकडे कपाळासमोर धरायचा तापमापक होता. पहिला माणूस एकशे एक. दुसरी बाई एकशे दोन. तिसरा, चौथा, सगळेच शंभराच्या वर. सिस्टर थांबली. भट्टीकडे बघितलं. मग तिनं तो आपल्याच कपाळासमोर धरला. शंभर पॉइंट चार.

"चला सिस्टर, तुम्ही पण पडवीत," रेडिओ म्हणाली, आणि त्या दिवसातलं पहिलं हसू पिकलं.

हसली नाही ती सिस्टर. काचेचा साधा तापमापक एकच होता. बगलेत तीन मिनिटं, पुसायला दोन. साठ माणसांना पाच तास. उजेड दोन तासांचा. कॅप्सूल चाळीस जणांच्या, सुया दहा जणांच्या. बाकीचा माल उद्या संध्याकाळी. आणि रांगेतलं एकूण एक माणूस खोकत होतं.

"आधी कुणाला लावायचा ते मी सांगते," मुकादमीण म्हणाली.

"तुम्ही कशा सांगाल, मावशी?"

"ऐकून."

"शाळा किती झालीय?"

"चौथी."

"जरा बाजूला व्हा, मावशी. मला वेळ नाही."

मुकादमीण बाजूला झाली. सगळी माणसं बघत होती. रोज ज्यांना ती कामाला लावायची, त्यांच्यासमोर तिला कालची पोर बाजूला हो म्हणाली होती. तिनं पदर खांद्यावरून घेतला आणि रांगेकडे पाठ करून उभी राहिली, कारण तोंड दाखवावंसं वाटेना. तशीच ती दहा मिनिटं उभी असेल. मग वळूनही न बघता म्हणाली, "शेवटून चौथा."

तो हातगाडी ओढणारा होता. म्हणाला, मला काही नाही. सिस्टरनं क्षणभर विचार केला आणि काचेचा तापमापक त्याच्या बगलेत दिला. तीन मिनिटांनी बघितला, पुसला, पुन्हा दिला.

"एकशे दोन पॉइंट आठ," ती म्हणाली. मग मुकादमिणीजवळ दहा पावलांवर आली. "तुम्हाला काय ऐकू आलं?"

"चुना वरच्या वर घशात खाजतो. माणूस जोर लावून खोकतो, त्याला तो बाहेर टाकायचा असतो. हा खालून येतो, आणि माणूस तो मधेच चावतो. खोकला की छातीत दुखत असणार त्याला."

सिस्टरनं हातगाडीवाल्याकडे वळून बघितलं. "दुखतंच," ती म्हणाली. "तुम्ही बसा. मी रांग लावते."

तिनं वाऱ्याचा अंदाज घेतला, मुकादमिणीला वाऱ्याच्या वरच्या अंगाला उपड्या पाटीवर बसवलं, आणि माणसं एकेक करून तिच्या पाठीमागे, तोंडावर दुहेरी फडकं बांधून, उभी केली. मुद्दाम खोकायचं नाही, आपोआप येईल तेव्हा येऊ द्यायचं. आधी सगळ्यांना हसू आलं. मग आलं नाही.

मुकादमिणीनं सात जण सांगितले. सातांतल्या चौघांना ताप निघाला. तिघं धडधाकट होते; त्यातला एक नुसता तंबाखूनं खोकत होता आणि आयुष्यभर तो तिला ते सुनावत राहिला. बाकीच्यांनाही सिस्टरनं कंदील लावून रात्रीपर्यंत तपासलं. त्यात आणखी एक सापडली, पाटीवाली मुलगी. ती एकदाही खोकली नव्हती.

"वाईट नाही," सिस्टर म्हणाली.

"ती पोर निसटली माझ्या हातून."

"माझ्याही निसटली असती. उद्या सकाळी पुन्हा बसाल?"

"बसते की."

दुसऱ्या दिवशी उजाडता मुकादमीण चहाची किटली घेऊन भट्टीकडे गेली. लाकडांच्या रचलेल्या ढिगामागे ती थबकली. पलीकडे ज्वाळांचा घोंगावणारा आवाज, ओंडका आत पडल्याचा आवाज, आणि मग आग्याचा खोकला.

आखूड. मधेच चावलेला. शेवटची शिट्टी नव्हती.

ती तशीच उभी राहिली. आपल्याला चुकीचं ऐकू आलं असेल म्हणून तिनं वाट बघितली. पुन्हा आला. तसाच.

ढिगाला वळसा घालून ती समोर आली, पण दहा पावलं राखून. आग्या भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता, एक हात डाव्या बरगडीवर.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात काढ बरगडीवरून आणि सांग."

"चुना गेलाय घशात. चहा ठेव आणि जा, वहिनी. कामात आहे मी."

"चुना घशात असतो. बरगडीत नसतो."

"काल एक संध्याकाळ पाटीवर बसलीस तर डॉक्टर झालीस?" तो हसला आणि हसताना पुन्हा खोकला आला. तो त्यानं गिळला. कपाळावरचा घाम भट्टीचा नव्हता. भट्टीचा घाम तिला माहीत होता, तो चुना धुऊन काढत येतो. हा थेंबाथेंबानं उभा होता.

"पहारकऱ्याला तू नेलंस घरी."

आग्यानं आगीकडे बघितलं. "पाठुंगळी घेतला. चालवत नव्हतं त्याला. मानेवर खोकत होता सारखा." थोड्या वेळानं म्हणाला, "सांगितलं असतं तर कालच मला बाजूला बसवलं असतं. मग ही कुणी बघितली असती?"

"मी सिस्टरला सांगते."

"थांब." तो उठला, भिंतीचा आधार घेऊन. "वहिनी, उद्या संध्याकाळपर्यंत. दीड दिवस फक्त. आत बघ, दगड लाल झालाय, पांढरा व्हायचा राहिलाय. तेवढा होऊ दे, मग माझं काय करायचं ते कर."

"पहिल्या दिवसात सुई मिळाली तर माणूस राहतो, असं म्हणाली ती. तू ऐकलंस."

"दादानं न्युमोनिया अंगावर घेऊन तिसरा दिवस काढला होता या तोंडाशी. तू नाही आडवी आलीस."

"त्याचा आजार त्याच्यापुरता होता. तुझ्या खांद्याला खांदा लावून पाच जण लाकूड टाकतात."

आग्या बघत राहिला. मग हळूच, लाडानं, लहानपणी चुकवून काही मागायचा तसं म्हणाला, "पहारकऱ्याला म्हणालीस ना, चुना आहे? मलाही म्हण."

हे तिला लागलं. तिनं किटली जमिनीवर ठेवली.

"त्याला म्हणाले," ती म्हणाली. "म्हणूनच तुला म्हणत नाही."

"मग ऐक. तू त्या बाईला हाक मारलीस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. पण न बोलायला तरी राहा."

आणि तिनं वळून हाक मारली. ती हाक खाणीच्या टोकापर्यंत पोचणारी होती, तीस वर्षं या डोंगरात हाका मारून कमावलेली. पडवीतल्या आजाऱ्यांनीसुद्धा माना वर केल्या.

काचेच्या तापमापकात एकशे तीन आला. सिस्टरनं तिथेच, उघड्यावर, आग्याला पहिली सुई दिली. ताप रात्री आला असणार, म्हणाली. सहा तास, फार तर आठ. मग तिनं भट्टीकडे बघितलं. लाकूड टाकणारे पाच जण फडकी बांधून गोंधळून उभे होते.

"दुसरं कुणी चालवू शकेल?"

"लाकूड टाकता येईल," मुकादमीण म्हणाली. "पण इथं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही आणि चिकटून उभं राहिल्याशिवाय ओंडका आत जात नाही. हे पाच जण तर याच्याच श्वासात होते. त्यांना वेगळं करावं लागणार. मग दुसरे पाच आणायचे, त्यांच्यात कोण निघेल ते देव जाणे."

"भट्टी विझवा, असं मी म्हणणार नाही. मला चुन्यातलं कळत नाही. तो निर्णय तुमचा."

"तुम्ही म्हणू नका," मुकादमीण म्हणाली. "मीच विझवते."

आग्या पन्नास पावलांवर एका दगडावर बसला होता, तोंडावर मास्क, अंगावर गोधडी. त्यानं हे ऐकलं. उठायला गेला, पण पाय धरेनात. तसाच बसला आणि शिव्या द्यायला लागला. मुकादमिणीला, सिस्टरला, आपल्या बायकोला, पहारकऱ्याला, डोंगराला. खोकल्यानं शिव्या तुटत होत्या. दहा पावलं सोडून त्याची बायको उभी होती, तिला सगळे धाकटी म्हणत. ती रडत नव्हती, नुसती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"अक्का," ती म्हणाली, "मी येऊ का हाताखाली?"

"तोंड बांध नीट. आणि माझ्यापासून लांब राहून चिखल दे."

पेटलेल्या भट्टीवर पाणी टाकता येत नाही. आतला चुना पाण्यानं उसळतो, भिंत फोडतो. आग कोंडावी लागते. मुकादमिणीनं मातीचा घट्ट चिखल मळून घेतला, दगडाच्या कपऱ्या जमवल्या आणि खालच्या झरोक्यांपासून सुरुवात केली. एकेक कपरी लावायची, वर चिखल थापायचा, हाताच्या तळव्यानं दाबायचा. चिखल लावता लावता सुकत होता, भेगाळत होता. भेगेतून ज्वाळेची जीभ बाहेर येई, की पुन्हा चिखल. तळव्यांवर फोड आले, फुटले, चिखलात मिसळले. पापण्यांचे केस करपल्याचा वास तिला आला. सगळ्यात शेवटी भट्टीचं तोंड. आत बघवत नव्हतं, तरी तिनं एकदा बघितलं. दगड लालबुंद होता, कडेला कुठे कुठे पांढरेपणाची झाक आलेली. आग्या खरंच बोलला होता. दीड दिवस पुरला असता.

तिनं शेवटची कपरी बसवली.

गेले तीन दिवस डोंगरात घुमत असलेला घोंगाट हळूहळू खाली गेला. माणसं झोपड्यांच्या बाहेर येऊन उभी होती. रेडिओसुद्धा.

त्यानंतरचे दिवस निराळ्याच कामाचे होते. मुकादमिणीनं सगळं भट्टीसारखंच लावलं. दगड वाहायच्या काठ्या घेतल्या आणि ठरवलं, माणसामाणसांत दोन काठ्यांचं अंतर. कुणी जवळ आलं की काठी आपटायची. कामावरच्या जोड्या मोडल्या. एका जागी एकच माणूस. पाणी घुम्या आणायचा, दारासमोर ठेवायचा आणि निघून जायचा. या कामासाठी त्याच्याइतका लायक कुणी नव्हता. आजार लागू नये म्हणून दिलेल्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, मुकादमिणीच्या डोळ्यांसमोर गिळायची. "जीभ वर कर," ती लांबून ओरडायची. "खाली लपवलीस ती? मी दगडाची फट ओळखते, तुझ्या तोंडाची ओळखणार नाही?" झोपड्यांपुढे टाकायला सिस्टरनं चुना मागितला तेव्हा ती म्हणाली, "आता चुना कुठला, सिस्टर! मागच्या सालचा आहे थोडा, तोच जपून वापरा. चुन्याच्या वस्तीवर चुना उसना मागायची पाळी आणलीत." सिस्टर पहिल्यांदा हसली.

रोज सकाळी ती उपड्या पाटीवर पाठ करून बसायची. दुसऱ्या दिवशी तिनं दोन सांगितले, दोन्ही खरे. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी एकही नाही, पाचव्या दिवशी एकही नाही. सिस्टर रोज तिच्या सांगण्यानंतर सगळ्यांना तपासायची आणि वहीत दोन रकाने भरायची: मावशींनी सांगितलेले, तापमापकानं सांगितलेले.

पहारकऱ्याची बायको गेली, मेव्हणा गेला. त्यांना उशीर झाला होता. हातगाडीवाला गेला, त्यानं ताप दीड दिवस लपवला होता, हे नंतर कळलं. त्यांना पुरायचं काम कर्मचाऱ्यांनी केलं, मास्क, हातमोजे, प्लास्टिक घालून. मुकादमीण दर वेळी दोन काठ्यांच्या अंतरावर उभी राहिली. पहारकऱ्याच्या बायकोच्या वेळी ती सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली.

आग्याचा दुसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. थुंकीत रक्त आलं. डोळे उघडे पण कुणाकडेच नाहीत. मुकादमीण पडवीच्या बाहेर, तट्ट्याला लागून बसली आणि त्याचा श्वास मोजत राहिली. घड्याळ सिस्टरचं. मिनिटाला चव्वेचाळीस. दुपारी सेहेचाळीस. सिस्टरनं सुई दिली, तासानं पुन्हा आली. पंचेचाळीस.

"कमी होतंय?" धाकटीनं विचारलं.

"एकानं," मुकादमीण म्हणाली. "एकानं कमी झालंय. गप्प बस, मला मोजू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी छत्तीस होते. संध्याकाळी अठ्ठावीस. चौथ्या दिवशी आग्यानं पेज मागितली आणि ती पातळ आहे म्हणून धाकटीवर खेकसला. मास्क लावून आत गेलेली धाकटी भांडं घेऊन बाहेर आली आणि तेव्हा कुठे भिंतीला टेकून रडली.

"खेकसला?" मुकादमिणीनं विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"नाही अक्का. तुमचं नावच नाही काढलं."

दिलेला शब्द तो पाळत होता. ती तट्ट्यापाशी उभी असली की तो आतून धाकटीला सांगायचा, "तिला म्हणावं, पाणी कोमट हवं." धाकटी वळून तोंड उघडायच्या आत मुकादमीण कोमट पाणी ठेवून गेलेली असायची. "तिला म्हणावं, गोधडी टोचते." गोधडी बदललेली असायची. पडवीतली बाकीची आजारी माणसं पडल्या पडल्या हा तमाशा बघत आणि हसू आवरत, कारण हसलं की छातीत दुखे.

शेवटचा आजारी माणूस सापडल्यावर सिस्टरनं आठ दिवस मोजले. नवीन कुणी नाही. तिनं वही मिटली आणि मुकादमिणीजवळ आली, या वेळी अंतर न राखता.

"पहिल्या दिवसात सुई मिळालेला एकही माणूस गेला नाही," ती म्हणाली. "मी हे वर लिहून पाठवणार आहे. तुमच्या नावानिशी."

"त्यात ती पोर पण लिहा," मुकादमीण म्हणाली. "जी मला कळली नाही."

"लिहिलीय."

भट्टी थंड व्हायला तोवर पुरेसे दिवस गेले होते. ती फोडायची होती. आत अर्धवट भाजलेला दगड एकमेकांत चिकटून बसला होता, घणाशिवाय सुटत नव्हता. असलं काम कुणी कधी केलं नव्हतं. चुना काढताना पाट्या हलक्या असतात, माणसं गाणी म्हणतात. हे नुसतं ओझं होतं, कशाच्याच कामाचं नसलेलं. तरी सगळे आले. मुकादमिणीचे तळवे अजून कोवळे होते. तिनं चिंध्या गुंडाळून हातोडा धरला. आग्याला उभं राहायची ताकद नव्हती. तो सावलीत बसून काठीनं दाखवत होता, कुठे घाव घालायचा. घुम्यावर ओरडत होता, रेडिओवर ओरडत होता. मुकादमिणीवर ओरडत नव्हता.

त्या दुपारी चुना न्यायला ट्रक आला. नेहमीचाच ड्रायव्हर, वळणावर थांबला, खिडकीतून डोकं काढून बघितलं. धूर नाही. पांढरे ढीग नाहीत. बाहेर काढून टाकलेले तांबडेकाळे धोंडे. चुन्यातला माणूस तो. बघितल्याबरोबर त्याला कळलं. खाली उतरला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अरे रे रे. या घराची भट्टी विझली? कुणाच्या हातनं विझली?"

हातोडे थांबले. कुणी वर बघेना. हा माणूस आठवड्याला दहा भट्ट्यांवर जायचा. आज रात्रीपर्यंत ही बातमी डोंगरभर झाली असती आणि नातवंडांपर्यंत टिकली असती. मुकादमिणीनं हातोडा खाली ठेवला. तिला जे बोलायचं होतं ते तिनं मनात जुळवलं होतं. तोंड उघडायच्या आत मागून काठीचा आवाज आला.

आग्या उठला होता. एक हात काठीवर, दुसरा भट्टीच्या भिंतीवर. दोन पावलं टाकून दम खायला थांबला. सगळे थांबले.

"विझली नाही," तो म्हणाला. "विझवली. आमच्या वहिनीनं."

"बाईनं?" ड्रायव्हर हसला.

"बाईनं. दगड लाल असताना. मी नको म्हणत असताना, माझ्या शिव्या खात, स्वतःच्या हातानं." त्याला पुन्हा दम लागला. तो पुरता खाऊन मगच पुढे बोलला. "त्रेसष्ट माणसं होती इथं. आता किती उभी आहेत ती मोज. मोज आणि मग खाली जाऊन सगळ्या भट्ट्यांवर सांग. घराचं नाव आमचंच सांग. चुकवू नकोस."

ड्रायव्हर इकडेतिकडे बघायला लागला.

"मोज की रे, लाजतोस काय?" रेडिओ ओरडली. "मला हवं तर दोनदा मोज."

हसू पिकलं, आणि चारपाच जण खोकले. ड्रायव्हरनं खरंच बोट उचललं आणि ओठ हलवत मोजायला लागला. पाटीवाल्या बाया, खाणीतली माणसं, ढिगामागचा घुम्या, भट्टीला टेकलेला आग्या, भांडं घेऊन उभी धाकटी. एकोणसाठ व्हायला हवे होते. मुकादमिणीनं हाताच्या चिंध्या सोडल्या, पदर नीट केला आणि आपली पाळी येईपर्यंत ताठ उभी राहिली.